किल्लीचे नाव

ठाणे स्थानकाच्या पूर्वेस कोपरी ही गजबजलेली वस्ती आहे. तेथील एका घरात एके सायंकाळी आजोबांचा मोबाइल वाजला. पलीकडचा गृहस्थ मोठ्या अदबीने म्हणाला, "मी बँकेतून बोलत आहे. आपले खाते आज बंद होईल. आपणांस आताच ओटीपी आला असेल, तो सांगावा."

आजोबा गोंधळले. पडद्यावर सहा अंक उमटले होते. ते अंक वाचून दाखविणार, तोच सातवीत शिकणारी नात धावत आली. "आजोबा, थांबा! ती तुमच्या पैशांची किल्ली आहे. ती कोणालाही सांगायची नसते."

आजोबांनी फोन बंद केला. क्षणभराने ते म्हणाले, "बाळ, जन्मभर मी तिजोरीची किल्ली कोणाच्या हाती दिली नाही. आज मात्र देऊन बसलो असतो. कारण ही किल्ली आहे, हेच मला ठाऊक नव्हते. मला हे नवे शब्द शिकव."

नव्या यंत्राबरोबर नवे शब्द येतात, हे काही प्रथमच घडत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली चौदा डब्यांची गाडी याच ठाण्यास येऊन पोहोचली. त्या वाहनाचे शब्द मराठीने तीन रीतींनी आपलेसे केले. ‘आगगाडी’ हा शब्द तिने स्वतः घडविला, ‘स्टेशन’ आणि ‘तिकीट’ हे शब्द इंग्रजीतून घेतले आणि घरातल्या ‘डबा’ या शब्दास नवा अर्थ दिला. संगणकाच्या बाबतीतही तसेच झाले. गणन करणारा तो ‘संगणक’, हा घडविलेला शब्द. ‘माउस’ व ‘इंटरनेट’ हे घेतलेले. आणि ‘पडदा’ व ‘स्मृती’ हे जुनेच, पण नव्या अर्थाचे.

संगणकाचे जे भाग हातास लागतात, त्यांस हार्डवेअर म्हणजे यंत्रसामग्री म्हणतात. पडदा, अक्षरांच्या कळा असलेला कळफलक आणि माउस ही तिची उदाहरणे होत. यंत्राने काय करावे हे क्रमाने सांगणाऱ्या आज्ञांस सॉफ्टवेअर किंवा आज्ञावली असे नाव आहे. बाजाची पेटी ही यंत्रसामग्री मानली, तर तिच्यावर कोणते सूर कोणत्या क्रमाने वाजवावयाचे, हे सांगते ती आज्ञावली.

संगणक आपली माहिती स्मृतीत साठवितो. त्यास शून्य आणि एक ही दोनच चिन्हे कळतात; दिवा एकतर विझलेला असतो किंवा लागलेला असतो, तसेच हे. अशा एका चिन्हास बिट म्हणतात आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. १९६० साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतात घडविलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक पूर्ण झाला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. तथापि त्याची मुख्य स्मृती आजच्या मापाने अवघी १० किलोबाइट होती. देवनागरीच्या एका चिन्हास आज बहुधा तीन बाइट लागतात. म्हणजे त्या अवाढव्य यंत्राच्या स्मृतीत पाठ्यपुस्तकाची दोन-तीन पानेच मावली असती! आज खिशातल्या मोबाइलमध्ये संपूर्ण ग्रंथालय सामावते.

जगातील असे असंख्य संगणक एकमेकांस जोडून जे जाळे झाले, ते इंटरनेट किंवा महाजाल होय. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ते सामान्य जनतेस खुले केले. त्याच्या केबली समुद्रतळावरून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आलेल्या आहेत. महाजालावरून जाणाऱ्या संदेशाचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांस पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पत्ता व अनुक्रमांक असतो. आगगाडीचे डबे एकाच रुळावरून जातात. पॅकेटे मात्र वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात आणि मुक्कामी पोहोचल्यावर पुन्हा क्रमाने जुळविली जातात.

महाजालावर ज्या ठिकाणी माहितीची पाने ठेवलेली असतात, ते संकेतस्थळ. ती पाने मागताच पाठविणारा संगणक तो सर्व्हर. आणि ती आपल्या पडद्यावर उघडणारी आज्ञावली म्हणजे ब्राउझर. आपल्या खात्याचे दार उघडणारा गुप्त शब्द तो पासवर्ड, म्हणजेच संकेतशब्द. ओटीपी हा एकदाच आणि थोडाच वेळ चालणारा संकेतशब्द होय.

आजोबांनी हे सारे शब्द वहीत उतरवून घेतले. पुढील आठवड्यात पुन्हा तसाच फोन आला. या वेळी आजोबा शांतपणे म्हणाले, "किल्ली मागणाऱ्यास आमच्या घरी दार उघडत नाहीत." मग त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर स्वतःच तक्रार नोंदविली. नात जवळच अभ्यास करीत बसली होती. या वेळी तिला उठावे लागले नाही.

स्वाध्याय
१. आजोबा प्रथम ओटीपी सांगण्यास का तयार झाले?
२. मराठीने नवे शब्द कोणत्या तीन रीतींनी स्वीकारले? प्रत्येकी एक नवे उदाहरण द्या.
३. पॅकेट आणि आगगाडीचा डबा यांतील फरक सांगा.