चिनी शाईचित्रांतील फळे

चांदवड, देवळा, सटाणा या बाजूच्या विद्यार्थ्यांस डाळिंब व द्राक्ष ही फळे नवी नाहीत. ती बाजारात कोणत्या भावाने जातात हे आम्हांस ठाऊक असते. परंतु तीच फळे चित्रात आली असता काय सांगतात, याचा विचार आम्ही क्वचितच करितो. चीन देशातील चित्रकारांनी तो शतकानुशतके केला. त्याची थोडी ओळख करून देण्याचा आमचा हेतु आहे.

या चित्रांची सामग्री साधी असते. काजळी व सरस यांची वडी दगडावर पाणी घालून उगाळावी, ती शाई कुंचल्याने कागदावर अथवा रेशमावर उतरवावी, आणि रंगाचे काम गडद-फिक्या छटांनी भागवावे, अशी रीत आहे. तेराव्या शतकातील मूछी या भिक्षूने केवळ सहा फळे अशीच रेखिली. ती आमच्या टेंभुर्णीच्या कुळातील असून चिनी भाषेत त्यांस 'शी' म्हणतात. मधले एक फळ गर्द काळे, तर कडेची दोन नुसत्या रेषेने दाखविली आहेत. हे चित्र आज जपानातील क्योतो शहरी दाइतोकुजी मठात आहे.

फळांच्या अर्थाचे मूळ पुष्कळदा उच्चारात असते. 'शी' म्हणजे हे फळ, तसेच निराळ्या अक्षराने लिहिलेला 'शी' म्हणजे कार्य. म्हणून अशी दोन फळे एकत्र काढणे म्हणजे 'तुमची सर्व कार्ये मनासारखी होवोत' अशी शुभेच्छा होय. बी व पुत्र यांसही चिनी भाषेत एकच शब्द आहे. त्यामुळे दाण्यांनी भरलेले डाळिंब बहुसंततीचे चिन्ह ठरले. पीच हे फळ दीर्घायुष्याचे मानितात. बोटांसारख्या पाकळ्यांचे 'बुद्धहस्त' नामक लिंबू हे सौभाग्याचे चिन्ह होय, कारण त्याचे नाव 'सौभाग्य' व 'आयुष्य' या अर्थाच्या शब्दांशी जुळते. ही तीन फळे एकत्र काढिली म्हणजे 'तीन विपुलता' हे प्रसिद्ध चित्र होते.

हे बुद्धहस्त आम्हांस अगदी परके नाही. ते महाळुंगाचाच एक प्रकार असून, कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या मूर्तीच्या एका हातात महाळुंगच आहे. वटपौर्णिमेस सुवासिनी एकमेकींची ओटी आंब्यांनी भरितात. निर्गमाच्या २८ व्या अध्यायात महायाजकाच्या झग्याच्या घेराभोवती सोन्याच्या घंटा व डाळिंबे लाविण्याची आज्ञा आहे. सारांश, फळाच्या रूपाने मनातील भाव सांगणे ही अनेक देशांची रीत आहे. आमच्या भाषेत तर 'फळ' हा शब्दच झाडाचे फळ व श्रमाचे फळ असे दोन्ही अर्थ वाहतो.

परंतु चिन्ह ठरले म्हणजे चित्रकाराचे काम संपले, असे समजू नये. श्यू वेई (१५२१-१५९३) हा विद्वान प्रांतिक परीक्षेत आठ वेळा अनुत्तीर्ण झाला. पुढे त्याच्या हातून पत्नीची हत्या घडली व त्याने सुमारे सात वर्षे कारावास भोगला. त्याने डाळिंब काढिले ते पिकून उकललेले. परंतु त्यावरील लेखात बहुसंततीचे नावही नाही. खोल डोंगरात पिकलेले हे फळ तोडावयास कोणी येत नाही आणि त्याचे दाणे मोत्यांसारखे गळून जातात, असा त्याचा आशय आहे. द्राक्षांच्या चित्रावरही त्याने न विकल्या गेलेल्या मोत्यांचीच गोष्ट लिहिली. जे फळ इतरांच्या घरी आशीर्वाद होते, ते त्याच्या हाती वाया गेलेल्या विद्येचे चिन्ह झाले. त्याचे आचरण अनुकरणीय नव्हे. पण त्याचे दुःख खरे होते, व परीक्षेच्या यादीत आपले नाव शोधणाऱ्या कोणासही ते समजण्यासारखे आहे.

तेव्हा असे चित्र पाहताना विद्यार्थ्यांनी तीन प्रश्न विचारावे: फळ कोणते? त्याच्या नावात दुसरा कोणता शब्द ऐकू येतो? आणि ते कोणी, कोणत्या अवस्थेत काढिले? पहिल्याचे उत्तर डोळे देतील, दुसऱ्यास ती भाषा जाणणाऱ्याचे साह्य घ्यावे लागेल, आणि तिसऱ्यासाठी चित्रकाराचे चरित्र वाचावे लागेल. शेजारच्या मळ्यातील डाळिंब कागदावर काढून पाहण्यास मात्र कोणाचीच वाट पाहावयास नको.