शेगडी का पेटत नाही?

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात दूधदुभतं पुष्कळ. गॅसच्या शेगडीवर कधी दूध उतू जातं. मग बटण फिरवलं तरी ठिणगी पडत नाही.

असं का होतं? बर्नरजवळ एक बारीक सळई असते. तिच्या टोकातून विजेची ठिणगी उडते. टोक ओलं झालं, त्यावर घाण बसली, की ठिणगी पडत नाही.

मग काय करावं? आधी रेग्युलेटर बंद करा. शेगडी निवू द्या. सळई कोरड्या फडक्यानं पुसा. काही शेगड्यांत सेल असतो. टकटक आवाज येत नसेल, तर तो संपला असेल. नवा सेल घाला. घालताना अधिक-उणे खूण पाहा.

बटण पुन्हा पुन्हा फिरवू नका. ठिणगी पडली नाही, तरी गॅस बाहेर येतोच. हा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचतो. मग एका ठिणगीनं भडका उडतो.

गॅसचा वास आला, तर रेग्युलेटर बंद करा. दारं-खिडक्या उघडा. दिव्याचं बटण लावू नका, बंदही करू नका. त्यातही ठिणगी असते. बाहेर जाऊन १९०६ या नंबरावर फोन करा.

चहा उशिरा झाला तरी चालेल. घर जपा.