कुत्र्याची तुटलेली दाढ

प्रश्न : हाड चावताना आमच्या लॅब्रॅडॉरची वरची मोठी दाढ तुटली, जेवतो मात्र नीट. उपचार हवाच का?
– एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : जेवण सुरळीत आहे एवढ्यावरून वेदना नाही असा निष्कर्ष काढू नये, कारण कुत्रा दुखणे सोसून, फार तर एकाच बाजूने चावून, खातच राहतो. तुटल्या जागी मध्यभागी गुलाबी वा काळा ठिपका दिसल्यास दंतमज्जा उघडी पडली असे समजावे. तेथून जंतूंचा शिरकाव होऊन मुळाशी पू साचतो, आणि डोळ्याखाली येणारी सूज पुष्कळदा नेत्रविकारच मानली जाते. अशा वेळी भूल देऊन क्ष-किरण तपासणी, आणि मग रूट कॅनाल किंवा दात काढणे, याखेरीज तजवीज नाही. जवळच्या पशुवैद्यांकडे सोय नसल्यास परळच्या, 1886 साली स्थापन झालेल्या, पशुवैद्यक महाविद्यालयात चौकशी करावी. घरातली आयब्युप्रोफेनची गोळी मात्र बिलकुल देऊ नये. ती कुत्र्याला विषारी ठरते.