आधी विहीर मोजा, मग वाफे आखा

पेडणे-डिचोलीत काजूला मोहर धरतो त्याच दिवसांत व्हाळाची धार बारीक होऊ लागते. म्हणून माघ-फाल्गुनाच्या तयारीत पहिला मान विहिरीला द्यावा. पंप तासभर चालवा, पाणी किती खाली गेले ते दोरीवर खूण करून पाहा आणि तेवढे पाणी परत चढायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवा. रात्रभरातही पातळी पूर्ववत होत नसेल, तर ही विहीर मे महिन्यात कुळागराची तहान भागवणार नाही. अशा घराने उन्हाळी भेंडी-काकडीचा मोह सोडावा. दोन वाफे तांबड्या भाजीचे करावेत. ती महिनाभरात हाताशी येते. तिळारीच्या कालव्याखाली जमीन असलेल्यांनीही विहिरीकडे पाठ फिरवू नये. दुरुस्तीसाठी कालवा बंद राहिला की उभे पीक विहिरीवरच तगते. बंधाऱ्याच्या फळ्यांतून पाणी झिरपत असेल, तर शेजाऱ्यांना बोलावून आताच चिकणमातीने फटी बुजवा.

कुळागरात झावळ्या आणि पाचोळा जाळण्याची सवय मला फार खटकते. तोच पाला माडा-पोफळीच्या आळ्यात जाड अंथरला, तर ओल टिकते आणि पाण्याची पाळी एखादा दिवस लांबली तरी झाड कोमेजत नाही. कडेच्या पोफळी एकदा निरखून पाहा. नैऋत्येचे ऊन थेट लागते त्या बाजूला खोड पिवळट पडते, मग तिथे चीर जाते, आणि पुढे वाऱ्यापावसात झाड नेमके तिथेच मोडते. पोफळीचीच विरी खोडाभोवती बांधली, तरी बचाव होतो. मिरीच्या घोसात एक-दोन दाणे लाल झाले की घोस उतरवावा.

आता काजू. लहान घराचा वर्षाचा रोख पैसा बहुधा याच डोंगरउतारावर येतो, आणि तो हातचा जातो ढेकण्यामुळे, म्हणजे टी मॉस्किटो बगमुळे. ढग भरून आले, हवा दमट झाली की सकाळी लवकर कोवळे शेंडे तपासा. तांबूस अंग, काळे डोके आणि पाठीवर टाचणीसारखा उभा काटा, ही त्याची ओळख. तो रस शोषतो तिथे तपकिरी चट्टे पडतात आणि चार दिवसांत मोहर आगीने होरपळल्यासारखा दिसतो. पालवी, मोहर आणि फळधारणा या तिन्ही वेळी लक्ष ठेवावे लागते. प्रादुर्भाव दिसला, तर लॅम्डा सायहॅलोथ्रिन ५ टक्के, लिटरला ०.६ मिली, या प्रमाणात फवारावे. मात्र फवारणी उन्हे उतरल्यावरच करा. काजूची फुले सकाळी उमलतात आणि परागीकरण माश्या-कीटकांकडून होते. भर सकाळी औषध मारणारा आपलेच पीक मारतो. किडीचे चिन्ह नसताना केवळ शेजाऱ्याने मारले म्हणून पंप पाठीवर घेऊ नये.

काजूच्या बुंध्याशी भुसा आणि डिंक दिसला, तर आत रोठा, म्हणजे खोड पोखरणारी अळी, आहे असे समजा. साल तासून अळी बाहेर काढा, जखमेवर औषध लावा. पूर्ण पोखरलेले, पाने पिवळी पडलेले झाड मुळासकट काढून बागेबाहेर न्या; ते ठेवले तर तिथून रोठा शेजारच्या झाडांत शिरतो.

बोंडू पडायला लागण्यापूर्वी झाडाखालचे गवत कापा आणि हद्दीवर जाळरेषा काढा. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यासह गोव्याच्या डोंगरांवर वणवे पेटले होते, ते विसरण्यासारखे नाही. कापलेले गवत पेटवू नका, गुरांना घाला किंवा आळ्यात टाका.

डिचोलीत मुळगाव, शिरगाव, मये या पट्ट्यात खाणीचा गाळ शेतांत उतरलेला आहे. 2012 साली आणि पुन्हा 2018 साली खाणी थांबल्या, तरी डंपांची माती पावसाबरोबर खाली येतच राहिली. जमीन कोरडी आहे तोवर पाट उपसून घ्या. निघालेली लाल माती शेतात पसरू नका, बांधाबाहेर टाका. मग शेताच्या चार-पाच ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन तिथली माती एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो तपासणीसाठी कृषी कार्यालयात द्या. आपली जमीन मुळातच आम्लधर्मी असते; चुना किती घालायचा हे अहवाल पाहूनच ठरवा.

पेडण्यात हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तिचे बी विकत आणण्यापेक्षा घरचे धरा. पाने आकसलेली, चुरडा-मुरडा झालेली रोपे सोडून निरोगी झाडांवर आताच सुतळी बांधा आणि त्यांची पूर्ण पिकलेली फळे बियाण्यासाठी वेगळी वाळवा.