द्राक्षवेलीच्या दोन छाटण्या

फळझाडाची छाटणी म्हणजे केवळ वाढलेल्या फांद्या तोडणे नव्हे. झाडाजवळील अन्नाचा साठा मर्यादित असतो. तो लाकूड आणि पाने वाढविण्यात खर्ची पडावा की फळांच्या पोषणाकडे वळावा, याचा निर्णय माणूस कात्रीच्या साहाय्याने करीत असतो. हा निर्णय केव्हा करावयाचा, हे मात्र त्या प्रदेशाच्या हवामानावरून ठरते.

थंड प्रदेशात हे काम निसर्गानेच सोपे केले आहे. हिमाचल प्रदेशातील कोटगढ भागात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकन सफरचंदांची लागवड सुरू केली. तेथे हिवाळ्यात पाने गळतात, झाड विश्रांती घेते आणि याच काळात त्याची मुख्य छाटणी होते. दिल्ली आणि नोएडाच्या आसपासच्या यमुनाकाठच्या मैदानात अशा सफरचंदांना पुरेल इतकी थंडी मिळत नाही. परंतु द्राक्षवेल मात्र तेथे हिवाळ्यात निष्पर्ण होते. म्हणून जानेवारीच्या सुमारास तिची एकदाच छाटणी करतात आणि जूनच्या आसपास फळ पिकते. नेमक्या त्याच वेळी पाऊस आला, तर मणी तडकतात. उत्तरेत लवकर पिकणाऱ्या वाणांना महत्त्व आले ते यामुळेच.

महाराष्ट्रातील परिस्थिती याहून वेगळी आहे. नाशिक, सांगली, सोलापूर आणि पुणे या जिल्ह्यांत वेल पूर्णपणे झोपी जाईल अशी थंडी पडत नाही. वेल वर्षभर हिरवी राहते. तिला तशीच वाढू दिली, तर पावसाळ्यात फुले येऊन पीक हाती लागणार नाही. म्हणून येथील बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात आणि पीक मात्र एकच घेतात. पहिल्या छाटणीने काडी तयार होते. दुसरीने त्या काडीतून घड बाहेर येतो.

पहिली छाटणी फळांची तोडणी आटोपल्यावर, साधारणतः एप्रिल महिन्यात होते. तिला खरड छाटणी म्हणतात. मांडवावर आडव्या पसरलेल्या ओलांड्यावरील काड्या एक-दोन डोळे राखून कापल्या जातात. नवे फुटवे आले की त्यांची विरळणी करतात, कारण दाटी झाल्यास डोळ्यांवर प्रकाश पोहोचत नाही. छाटणीनंतर साधारणतः चाळीस ते साठ दिवसांच्या काळात डोळ्यांच्या आत एक सूक्ष्म अंकुर आकार घेत असतो. त्या अंकुराचा पुढे घडही होऊ शकतो आणि निव्वळ तणावाही. भरपूर ऊन असेल आणि वाढ आटोक्यात असेल, तर तो घडाकडे वळतो. नत्र आणि पाणी अधिक झाले किंवा आकाश दीर्घकाळ ढगाळ राहिले, तर वेल पानांनी बहरते, परंतु डोळे वांझ राहतात. थॉमसन सीडलेसच्या काडीचा शेंडा ठरावीक पानांवर खुडून बगलफूट वाढवितात. या पद्धतीस सबकेन म्हणतात आणि तिच्या गाठीजवळचे डोळे अधिक फलदायी ठरतात.

दुसरी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. ही गोडी बहार छाटणी. काडी कितव्या डोळ्यावर कापावी, हा येथील कळीचा प्रश्न असतो. घड असलेला डोळाच कापून टाकला, तर वर्षाची मेहनत जमिनीवर पडते. म्हणून छाटणीपूर्वी काही काड्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घड कोठे आहे ते पाहतात. काडीच्या टोकाचा डोळा आधी फुटतो आणि खालच्या डोळ्यांना दडपून ठेवतो. सर्व डोळे एकाच वेळी फुटावेत यासाठी हायड्रोजन सायनामाइडचा लेप लावतात. हे द्रव्य विषारी असल्याने हातमोजे वापरणे आवश्यक असते. त्यानंतर घड नसलेली फेलफूट काढली जाते आणि सुमारे चार महिन्यांनी द्राक्षे तोडणीस येतात.

छाटणीची तारीख निवडणे हा एक प्रकारे पावसाशी केलेला करार असतो. उशीर केला, तर थंडीमुळे डोळे मंदगतीने फुटतात आणि मण्यांची वाढ खुंटते. घाई केली, तर कोवळी फूट व फुलोरा परतीच्या पावसात सापडतात आणि केवडा, म्हणजेच डाऊनी रोग, घडांचा घास घेतो. तरीही नाशिक जिल्ह्यातील बागलाण तालुक्यात काही बागाईतदार पावसाळ्यातच छाटणी करतात; नाताळाच्या सुमारास मिळणारा चढा भाव हे त्याचे कारण होय. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस लांबला, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील अनेक बागांत फुलोऱ्यातील आणि पक्व होऊ लागलेले घड कुजून गेले. अनेक बागाईतदार एका बागेतील निरनिराळ्या भागांची छाटणी काही दिवसांच्या अंतराने करतात, ती हा धोका विभागला जावा म्हणून.

पाहणाऱ्याचे लक्ष ऑक्टोबरच्या छाटणीकडे जाते, कारण तिच्यामागोमाग घड दिसू लागतात. परंतु ती छाटणी नवा घड निर्माण करू शकत नाही. उन्हाळ्यात डोळ्यात जे साठले, तेवढेच ती बाहेर आणते. म्हणूनच अनुभवी बागाईतदार मे-जूनच्या दिवसांत बागेकडे अधिक बारकाईने पाहत असतो.