एस्तेरची कथा आणि होळीचा सण : शंका-समाधान

शंका : आम्ही मूळचे अलिबागकडचे बेने इस्राएल (मराठी यहूदी). नोकरीमुळे कासुर्डीला (ता. दौंड) राहतो. आजी पुरीम या आमच्या सणाला 'होळीचा सण' म्हणायची. मुलगा विचारतो, "मग आपण शेजाऱ्यांचाच सण उचलला का?" आमचे काही चुकले तर नाही ना?

समाधान : काहीही चुकलेले नाही. पुरीम अदार महिन्याच्या 14 तारखेला, पौर्णिमेच्या सुमारास येतो. बहुतेक वर्षी होळीही तेव्हाच असते. दोन्ही पंचांगांत अधिक महिना असतो, पण तो एकाच वर्षी पडतो असे नाही. म्हणून कधीकधी महिन्याचे अंतर पडते. कोकणातल्या पूर्वजांनी ओळखीचे नाव घेतले, सण मात्र आपलाच राहिला. रात्री व दिवसा मगिल्ला (यहूदी राणी एस्तेरच्या ग्रंथाची गुंडाळी) ऐकणे, खाद्यपदार्थ पाठवणे, किमान दोन गरिबांना दान आणि सणाचे जेवण, ही त्याची कर्तव्ये मुलाला सांगा.

शंका : एस्तेरच्या ग्रंथात देवाचे नाव नाही आणि शेवटी पंचाहत्तर हजार माणसे मारली जातात. मुलीसमोर वाचताना जीव कचरतो. हा खरेच पवित्र ग्रंथ आहे का?

समाधान : हो, पवित्रच आहे. हिब्रू ग्रंथात देवाचे नाव नाही हे खरे. बाराव्या शतकातील भाष्यकार अब्राहम इब्न एज्रा यांच्या मते, हा वृत्तांत पारसिकांच्या बखरीत उतरवताना तिथे त्यांच्या दैवताचे नाव घातले जाईल, म्हणून एस्तेरचा नातलग मर्दखय याने ते लिहिलेच नाही. कथेतल्या पारसिक राजाची झोप उडण्यासारख्या घटनांतच अनेकांना देवाचा हात दिसतो.

संहाराचे वाचून जीव कचरणे योग्यच आहे. यहूद्यांना मारण्याचा, राजाचा दरबारी हामान याच्या वेळचा हुकूम मागे घेता येत नव्हता, म्हणून यहूद्यांना स्वसंरक्षणाची मुभा देणारा दुसरा हुकूम निघाला. त्यांनी लुटीला हात लावला नाही, हे ग्रंथ तीनदा सांगतो. अनेक अभ्यासक या कथेला काटेकोर इतिहास मानत नाहीत. पंचाहत्तर हजारांचा आकडा कोणत्याही पारसिक नोंदीत सापडत नाही.

शंका : वडील इन्सुलिन घेतात. एस्तेरचा उपवास सोडला तर पाप लागेल, या धास्तीने ते ऐकतच नाहीत. काय करू?

समाधान : पाप लागत नाही. हा 13 अदारचा उपवास पहाटेपासून रात्र पडेपर्यंतचा असून योम किप्पूरच्या उपवासाइतका कडक नाही. आजारी माणसाला आणि गर्भवतीला धर्मशास्त्रच सूट देते. इन्सुलिनवर असताना उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. डोस स्वतः बदलू नका, डॉक्टरांना आधीच भेटा. तरीही मन मानत नसेल, तर सिनेगॉगच्या हज्जानांकडून (प्रार्थना चालवणारे) त्यांना समजावून घ्या. मगिल्ला ऐकणे आणि गरिबाला दान देणे ही सणाची मुख्य कर्तव्ये त्यांना पोटभर जेवूनही पार पाडता येतात.