जनावरांच्या पायांची निगा

आपल्या मीरा-भाईंदर परिसरांत घोडबंदर नांवाचें गांव आहे. पूर्वीं या बंदरांत परदेशांतून आणलेले घोडे उतरवीत, म्हणून त्यास हें नांव पडलें, असें सांगतात. याच परिसरांतील भातशेतांत व मिठागरांच्या वाटांवर एके काळीं बैलांवांचून काम चालत नसे. आज शेतांच्या जागीं इमारती उठल्या. २०१५ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें शहरांतील व्हिक्टोरिया गाड्याही बेकायदा ठरविल्या. तरी माथेरानास घोडा अद्याप प्रवासी वाहतो, खेडोपाडीं बैल नांगर ओढतो आणि गाईम्हशींच्या दुधावर कित्येक कुटुंबें पोसलीं जातात. म्हणून या प्राण्यांच्या पायांविषयीं थोडें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम रचना पाहूं. घोडा चालतो तो बोटाच्या टोकावर. त्याच्या प्रत्येक पायास एकच बोट उरलें असून त्या बोटाचें नख म्हणजेच खूर होय. पुढच्या पायाच्या ज्या सांध्यास आपण गुडघा म्हणतों, तो वस्तुतः आपल्या मनगटाशीं जुळणारा आहे. गाय-बैल दोन बोटांवर चालतात, म्हणून त्यांचा खूर दुभंगलेला दिसतो. उभ्या घोड्याचा सुमारें तीनपंचमांश भार पुढच्या दोन पायांवर असतो. साहजिकच लंगडेपणाही तेथेंच अधिक आढळतो.

खूर महिन्यास सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. खडकाळ माळावर तो आपोआप झिजतो. तबेल्यांत बांधलेल्या घोड्याचा मात्र वाढून वांकडा होतो व सांध्यांवर ताण पडतो. म्हणून दीड-दोन महिन्यांनीं नालबंदाकडून खूर तासून नाल नव्यानें बसवावी लागते. घोड्यास चार नाला पुरतात, पण बैलाच्या प्रत्येक पायास दोन, अशा एकंदर आठ पत्र्या लागतात. ‘नालेसाठीं घोडा’ घेणाऱ्यास लोक हंसतात. पण नालेच्या हयगयीनें घोडा गमावणारा त्याहून शहाणा कसा म्हणावा?

आतां मुख्य रोग पाहूं. पावसाळ्यांत चिखल व शेण-मूत यांत उभें राहून खूर मऊ होतात, भेगांत घाण शिरते आणि खूर सडूं लागतात; दुर्गंधी ही त्याची पहिली खूण. घोड्यास एकाएकीं फार दाणा खाऊं घातल्यास खुराच्या आंतील नाजूक भागास सूज येते. खूर गरम लागतात आणि घोडा पुढचे पाय ताणून मागें रेलून उभा राहतो. अशा वेळीं त्यास चालविणें म्हणजे क्रौर्यच.

गुरांचा लाळ्या-खुरकूत हा रोग विषाणूमुळें होतो. तो घोड्यास होत नाहीं. ताप येतो, तोंडांत व खुरांच्या बेचक्यांत फोड येतात, लाळ गळते, जनावर लंगडतें आणि दूध आटतें. मोठीं जनावरें बहुधा वांचतात, वासरें मात्र दगावतात. फऱ्या हा याहून घातक. तरुण, धष्टपुष्ट गुराच्या फऱ्यावर सूज येते, ती दाबतांच चरचर आवाज होतो आणि एकदोन दिवसांत जनावर मरतें. त्याच्या जंतूंचीं बीजें मातींत वर्षानुवर्षें टिकतात. म्हणून फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वींच टोंचावी. लाळ्या-खुरकूताच्या लसीची देशव्यापी मोहीम २०१९ सालीं सुरू झाली.

उपाय अवघड नाहींत. गोठ्याची जमीन उतरती व कोरडी ठेवावी. रोज सायंकाळीं खूर उचलून खडे-कांटे काढावे. आजारी जनावर वेगळें बांधून पशुवैद्यास कळवावें. शेजाऱ्यांपासून रोग लपविणें हें सर्वांत वाईट, कारण एका घरच्या मौनानें साऱ्या गांवचीं गुरें आजारी पडतात. घोडा लंगडतो कीं नाहीं, हें त्याच्या डोक्यावरून ओळखावें: पुढचा दुखरा पाय टेकतांना तो डोकें वर उचलतो व निरोगी पाय टेकतांना खालीं आणतो.

या विद्येचें शिक्षण आपल्या जवळच मिळतें. परळ येथें बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नांवाचें जनावरांचें रुग्णालय आहे आणि १८८६ सालापासून मुंबईचें पशुवैद्यकीय महाविद्यालयही चालत आलें आहे. आमच्या वाचकांपैकीं कोणी त्या वाटेस लागल्यास आम्हांस आनंदच होईल.

देशावर पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचे खांदे मळतात, शिंगें रंगवितात. पण ज्या खुरांवर तो वर्षभर उभा असतो, ते उचलून पाहणारे थोडे. मुक्या प्राण्यास दुखणें सांगतां येत नाहीं. तो फक्त पाय उचलून धरतो. पालकांनीं व मुलांनीं तेवढी खूण ओळखण्यास शिकावें, हीच आमची विनंती.